हप्ता बाटलीतून जातोय

हर्णैच्या एका वाचकाचं पत्र आहे. ते बोटीवर कामाला, बायको मासळीच्या कंपनीत, मुलगी आठ महिन्यांची. तिच्यासाठी वर्षाला ३०,००० हप्त्याची, ३ लाख विम्याची चाइल्ड पॉलिसी घेतली. कागद तीन आठवड्यांपूर्वी हातात आले. एजंट म्हणतो, १२ टक्के सुटतात, अजून एक घ्या. घ्यावी का? शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘खर्च आवरलाय. बाळाच्या पावडरचे महिन्याला सहा डबे लागायचे, आता पाणी वाढवून तिनात भागवतो.’

दुसरी पॉलिसी नको. आता त्या शेवटच्या ओळीचं बघू.

४०० ग्रॅमच्या डब्यात साधारण पावणेतीन लिटर दूध होतं. सहा डबे म्हणजे दिवसाला ५५० मिली, ३६० कॅलरी. तेवढ्याच बाटल्या तीन डब्यांत भरल्या की १८०. या वयाला दिवसाला सहाशेच्या आसपास लागतात. पोट टम्म होतं, बाळ रडत नाही, म्हणून घरात कळत नाही. जादा पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. वाचले किती? ४५० चे तीन डबे, १,३५०. हप्ता महिन्याला २,५०० पडतो!

आज रात्रीपासून डब्यावरचं माप. बहुतेक डब्यांत ३० मिली उकळलेल्या पाण्याला एक सपाट चमचा. आधी पाणी, मग पावडर. याच आठवड्यात आरोग्य केंद्रात वजन करून कार्डावर नोंदवा, पाणी वाढवल्याचं तिथे सांगा. आई अंगावर पाजत असेल तर कामाआधी, नंतर आणि रात्री ते सोडू नका. त्याला हप्ता नाही.

काटकसर वरच्या अन्नात करा. तयार सिरियलऐवजी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळा. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत पीठ जास्त मावतं. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकी घट्ट हवी. पेजेचं वरचं पाणी पाजलंत तर पुन्हा तीच बाटली. चमचाभर तूप घाला, ४५ कॅलरी. वाट्याला आलेले मुडदुशे मासे उकडून, काटे बोटांनी चाचपून, कुस्करून द्या. वर्षापर्यंत मीठ, साखर, मध नाही.

१२ टक्क्यांचं म्हणाल तर पॉलिसीच्या कागदावर ४ आणि ८ टक्क्यांची उदाहरणं छापतात, त्यांचीही हमी नसते. ३ लाखांच्या कवचाला ३०,०००, आणि बँकेत सरकारच्या जीवन ज्योती विमा योजनेचं २ लाखांचं कवच वर्षाला ४३६ रुपयांत! ही पॉलिसीही परत करा. परत करायची मुदत, म्हणजे फ्री लुक, त्याच्या ३० दिवसांतले नऊ उरलेत. अर्ज शाखेत स्वतः देऊन पोच घ्या, एजंटकडे सोपवू नका. मुद्रांक, तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी परत येतं.

वर्षाची झाली की साधं दूध चालतं, म्हणजे डब्यांचे चारच महिने उरले. परत आलेल्या पैशांतून १०,८०० त्यासाठी बाजूला काढा, ४३६ बँकेत भरा, आणि २५० भरून पोस्टात मुलीच्या नावे सुकन्या समृद्धीचं बचत खातं उघडा.