शेजारच्या वहिनींना रोख पैसे द्यावेत का?

प्रश्न : आम्ही पतीपत्नी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि दोघेही नोकरी करतो. चार वर्षांच्या मुलीला दुपारी सांभाळायला आमच्याच इमारतीतल्या एक मराठी वहिनी तयार आहेत. आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास, आमच्याच घरी, तासाला १८ डॉलर असे ठरत आहे. त्या एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आहेत. ‘भानगडीत पडू नका, रोख द्या’ असे मित्र सांगतात. यात काही अडचण येईल का? अन्यथा सासूबाईंना भारतातून बोलावून त्यांनाच दरमहा काही रक्कम द्यावी, असाही विचार आहे.

उत्तर : कराआधी व्हिसाचे पाहावे लागेल, कारण तिथेच अडले तर पुढच्या हिशोबाला अर्थ उरत नाही. एच-४ व्हिसाबरोबर काम करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. वहिनींच्या पतीची आय-१४० याचिका (ग्रीन कार्डासाठीची) मंजूर झालेली असेल, किंवा त्यांचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवून मिळालेला असेल, तरच अर्ज करून ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळवता येतो. तो वहिनींकडे नसेल तर हा विषय इथेच थांबवावा. रोख दिल्याने नियमभंग टळत नाही. उद्या ग्रीन कार्डाच्या अर्जात विनापरवाना कामाचा प्रश्न आला, तर सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होईल. शिवाय परवाना नाही हे माहीत असून कामावर ठेवणे आपल्यालाही बेकायदा आहे.

परवाना असेल तर आय-९ फॉर्म, म्हणजे कामाचा हक्क तपासल्याची नोंद, भरावा. त्यातला पहिला भाग त्यांनी कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसऱ्या भागात आपण त्यांचे मूळ कार्ड हातात घेऊन, क्रमांक आणि मुदत पाहून, कामाच्या तीन दिवसांत नोंद करायची. हा फॉर्म कुठेही पाठवायचा नसतो, घरीच जपून ठेवायचा असतो.

आता कर. काम आपल्या घरी, आपण ठरवलेल्या वेळेत आणि आपल्या सांगण्यानुसार होणार असल्याने त्या आपल्या कर्मचारी ठरतात, त्यामुळे १०९९, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदाराला द्यायचा फॉर्म, देऊन मोकळे होता येत नाही. ज्या पगारापासून मालकाला कर लागतो, ती मर्यादा २०२६ साठी वर्षाला ३,००० डॉलरची आहे. आठवड्याला २७० डॉलर या दराने ती बाराव्या आठवड्यातच ओलांडली जाते आणि मग पहिल्या डॉलरपासून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठीचे कर) लागू होते : ७.६५ टक्के त्यांच्या पगारातून, तितकेच आपल्या खिशातून. वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर १३,५०० डॉलरवर आपला वाटा सुमारे १,०३३ डॉलर होतो. त्यासाठी ईआयएन, म्हणजे मालकाचा कर-क्रमांक, घ्यावा, आपल्या विवरणपत्राला शेड्यूल एच (घरकामगारांच्या कराचा फॉर्म) जोडावे आणि ३१ जानेवारीपर्यंत त्यांना डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, द्यावा. बेकारी कर, राज्याकडची नोंदणी आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावर इजा झाल्यास भरपाईचा) विमा हेही पाहावे लागते. न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून घरकामगारांसाठीचा नवा कायदा लागू असल्याने लेखी करारही करावा. हा कर कोणी मनावर घेत नाही असे मित्र म्हणतील, पण १९९३ मध्ये अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलपदासाठी नाव पुढे आलेल्या झोई बेअर्ड यांना घरकामगारांचा परवाना आणि कर याच प्रश्नावरून माघार घ्यावी लागली होती.

उघडपणे पगार देण्याचा फायदाही आहे. आपल्यापैकी एकाच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांच्या सांभाळाच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त रक्कम बाजूला ठेवण्याची सोय, असेल, तर २०२६ पासून त्यात ७,५०० डॉलरपर्यंत रक्कम करमुक्त ठेवता येते. आपण २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर केवळ फेडरल आयकरात १,८०० डॉलर वाचतात, म्हणजे वरचा १,०३३ डॉलरचा बोजा भरून निघतो. मात्र त्यासाठी विवरणपत्रात वहिनींचा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो, आणि रोखीच्या व्यवहारात नेमका तोच देता येत नाही.

सासूबाईंचे म्हणाल, तर व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीने नातीबरोबर दुपार घालवण्यात हरकत घेण्यासारखे काही नाही. पण त्याचा दरमहा मोबदला ठरला की ती नोकरी होते, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्यांचे तिकीट, विमा, फिरणे हा खर्च आपण खुशाल करावा, पगार मात्र देऊ नये.