उत्तरायण नेमकं कधी?

प्रश्न : मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात उत्तरायण 22 डिसेंबरला, आजीच्या तोंडी संक्रांतीला. संक्रांतही कधी 14 ला, कधी 15 ला. मग पंचांग चुकतंय का?

उत्तर : गणित चुकत नाही, जुना शब्द तेवढा चिकटून राहिलाय. सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरलाच. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश. निरयन म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली रास. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवरचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं भरतं. सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक. सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं वळणं आणि संक्रांत दोन्ही जवळपास एकाच दिवशी येत. (पानिपतावर संक्रांतीलाच संक्रांत कोसळली, हे भाषणात छान वाटतं. 14 जानेवारी 1761 ला सण होऊन काही दिवस उलटले होते.)

14-15 चं कारण साधं आहे. हे संक्रमण (राशीतला प्रवेश) दरवर्षी सहा तास पुढे सरकतं, लीप वर्षाचा जादा दिवस ते मागे ओढतो. 2024 ला ते 15 तारखेच्या पहाटे झालं, 2025 ला 14 च्या सकाळी. सूर्यास्तानंतर झालं, तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात. 2023 ला तसंच झालं.

सरकारने 1952 साली शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली. तिने कामकाजाचं सौर वर्ष ऋतूंना बांधलं (1 चैत्र शके 1879 म्हणजे 22 मार्च 1957), सणांना मात्र निरयन गणितच ठेवलं. तडजोडच ती, पण त्याशिवाय कुणी ऐकलं नसतं. टिळक पंचांगाचा राशी मोजण्याचा आरंभबिंदूच वेगळा, म्हणून त्यांची संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास.

सूर्याचं वळणं मुलाला गच्चीवर दाखवा. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. पुण्यात 22 डिसेंबरला तिची मध्यान्हीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर भरते, 14 जानेवारीला 83. बरोबर बाराला मोजू नका. तिथे मध्यान्ह साडेबारानंतर होते आणि बाराची सावली दोन ते चार सेंटिमीटर लांब येते. 12.20 पासून दर पाच मिनिटांनी खूण करा, सर्वांत आखूड ती धरा. 20 ते 23 डिसेंबरमधला फरक मिलिमीटरभरही नसतो, त्यामुळे नेमका दिवस काठीने सापडणार नाही. त्यासाठी 1 डिसेंबरपासून मोजत राहा, आणि समान सावलीच्या दोन तारखांचा मध्य काढा.