तयार प्रीसेट वापरण्याआधी
छायाचित्रे संपादित करताना तयार प्रीसेट वापरावेत की नाहीत, या वादात लगेच कोणतीही बाजू घेऊ नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी, वेगळ्या प्रकाशातल्या छायाचित्रासाठी ठरवलेल्या स्लायडरच्या (संपादनाच्या ॲपमधल्या सरकपट्ट्यांच्या) मूल्यांची नोंद असते. त्यात व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून प्रकाशाच्या रंगाशी केलेली जुळवणी; त्याचे माप केल्विन) ५५०० केल्विनवर, म्हणजे साधारण दिवसाच्या प्रकाशासाठी, बांधलेला असेल आणि तुम्ही सुमारे ३२०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) टिपली असेल, तर चेहरे नारिंगी दिसणारच, आणि दोष मात्र विनाकारण कॅमेऱ्याला दिला जातो. म्हणून आधी एक्स्पोजर (छायाचित्राचा एकूण उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स स्वतः नीट करा, मग प्रीसेट लावून कोणता स्लायडर कुठे सरकला ते पाहा. विशेषतः टोन कर्व्ह (उजळ-गडद भाग बदलणारा आलेख) आणि एचएसएल (प्रत्येक रंगाची छटा, तीव्रता व उजळपणा बदलणारा) हे विभाग उघडा, कारण अनेक प्रीसेटची खरी रंगछटा तिथेच घडते (शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही). एकाच समारंभाची शेकडो छायाचित्रे एकसारखी दिसावीत म्हणून व्यावसायिकही प्रीसेट वापरतात, त्यात कमीपणा काहीच नाही. विकतचे संच मात्र तूर्त घेऊ नका. एखाद्या छायाचित्रावर स्वतः केलेले बदल जतन करून पहिला प्रीसेट तुम्हीच तयार करा, आणि जतन करताना एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स त्यातून वगळा.