लाल टिक, गुप्त ऑर्डर आणि आपला फोन

गेल्या अंकात "सरकार आपलं इंटरनेट बघतं का, काय वाटतं?" एवढंच विचारलं होतं, तर मेलबॉक्स भरूनच गेला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. जे प्रश्न परत परत आले तेच घेतलेत, आणि नावं मुद्दाम टाकली नाहीत, विषयच तसा आहे.

ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय की दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली म्हणजे सरकारने तुमचा मेसेज वाचला आणि तीन लाल झाल्या की कोर्टाची नोटीस. मी तेव्हापासून राजकारणावरचं काहीच फॉरवर्ड करत नाही. खरं आहे का हे? – एक निवृत्त बँक कर्मचारी

काका, साफ खोटं. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, पीआयबीने म्हणजे सरकारच्याच प्रसिद्धी विभागाने तो फेक आहे असं सांगून झालंय, तरी दर काही महिन्यांनी कोणीतरी नव्याने ढकलतंच. व्हॉट्सअॅपमध्ये लाल टिक नावाचा प्रकारच नाही. आणि जरा विचार करा, गुपचूप नजर ठेवणारा माणूस तुम्हाला टिक लावून कशाला कळवेल?

व्हॉट्सअॅपवर २०१६ पासून एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज तुमच्या फोनवर लॉक होतो आणि समोरच्याच्याच फोनवर उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही. पण याचा अर्थ मेसेज कधीच कोणाच्या हाती लागत नाहीत असा नाही हं. बातम्यांमध्ये अमक्याचे चॅट बाहेर आले असं वाचतो ना आपण, ते बहुतेक वेळा फोन जप्त करून काढलेले असतात, किंवा समोरच्यानेच स्क्रीनशॉट दिलेला असतो, नाहीतर क्लाउडवरच्या बॅकअपमधून येतात. हा बॅकअप आपोआप एन्क्रिप्ट होत नाही, २०२१ पासून तशी सोय आहे पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करावी लागते आणि नव्वद टक्के लोक ते करत नाहीत (हा आकडा माझा अंदाजपंचे बरं का). आज एवढं करून टाका, चॅट्स मध्ये चॅट बॅकअप, तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, आणि पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा कारण तो विसरलात तर कंपनीही परत देऊ शकत नाही.

एन्क्रिप्शन मोडायचा आग्रह सरकारचा आहेच, २०२१ च्या आयटी नियमांमध्ये पन्नास लाखांहून जास्त युजर असलेल्या मेसेजिंग अॅपनी गरज पडली तर मेसेज मुळात पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्यावं असं लिहिलंय. व्हॉट्सअॅप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय, आणि २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी कोर्टात सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ.

कायद्याने नक्की कोणाला अधिकार आहे आपलं बोलणं ऐकायचा? कॉलेजमध्ये वाद झाला, एक मुलगा म्हणतो जजच्या परवानगीशिवाय होऊच शकत नाही. – लॉच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

तो मुलगा इंग्लिश सिरियल जास्त बघतो. आपल्याकडे जज या प्रक्रियेत कुठेच नाही, आणि माझ्या मते सगळ्या विषयातली खरी गोची हीच आहे.

फोनसाठी आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, हो, ब्रिटिशांचा, त्याची जागा आता २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने घेतलीये. इंटरनेट, कॉम्प्युटर, त्यावरचा कुठलाही डेटा यासाठी आयटी कायद्याचं कलम ६९ आणि त्याखालचे २००९ चे नियम. कलम ६९ मध्ये देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व वगैरे कारणं आहेतच पण शेवटी "कुठल्याही गुन्ह्याच्या तपासासाठी" असंही आहे, आणि तिथे कारणांची यादी संपतच नाही म्हणा ना. टेलिग्राफ कायद्यात निदान सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असला पाहिजे ही अट होती, कलम ६९ मध्ये तीही नाही. माहिती उघडून द्यायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद, आणि हे कंपनीलाच नाही, तुम्हाआम्हालाही लागू.

ऑर्डर कोण काढतं? केंद्रात गृहसचिव, राज्यात राज्याचे गृहसचिव. ऐकणाऱ्या बघणाऱ्या एजन्सी कोण, तर डिसेंबर २०१८ मध्ये गृहमंत्रालयाने दहा नावं जाहीर केली, आयबी, सीबीआय, ईडी, एनआयए, रॉ, इन्कम टॅक्सवालं सीबीडीटी, नार्कोटिक्स ब्युरो, तस्करी पकडणारं डीआरआय, दिल्लीचे पोलीस आयुक्त आणि लष्कराचा सिग्नल इंटेलिजन्स विभाग, हा शेवटचा फक्त जम्मू-काश्मीर आणि ईशान्येकडे. एक ऑर्डर साठ दिवस चालते, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस.

मग तपासणार कोण की ऑर्डर योग्य होती का? तर एक रिव्ह्यू कमिटी, केंद्रात तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, सोबत आणखी दोन सचिव, आणि दोन महिन्यांतून किमान एकदा बैठक. म्हणजे सचिवाने काढलेली ऑर्डर सचिवच बघणार. ही कल्पना सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) खटल्यातल्या निकालातून आली, तेव्हा फोन टॅपिंगला काहीच नियम नव्हते म्हणून कोर्टाने तात्पुरती घडी घालून दिली होती आणि तीच घडी आजवर चालू आहे. आता आकडा ऐक. २०१३ मध्ये माहिती अधिकारात उत्तर मिळालं होतं की एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार फोन टॅपिंगच्या ऑर्डर काढतं. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात याचा हिशोब मांडला, दोन महिन्यांनी बसणाऱ्या कमिटीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार ऑर्डर. तीन मोठे साहेब एका दुपारी एवढे कागद कसे वाचतात ते तूच सांग.

वादात वापरायला एक जवळचा निकाल देते. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातल्या तीन टॅपिंग ऑर्डर रद्द केल्या आणि ते रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न तिथे कुठून आला हे सीबीआयला दाखवता आलं नाही. आधार होता सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचं एकमत, खाजगीपणा हा मूलभूत हक्क, आणि त्यात ढवळाढवळ करायची तर कायदा हवा, गरज हवी आणि प्रमाणात हवं. पण ज्याचा फोन टॅप झाला त्या माणसाला कळलं का, तर प्रकरण कोर्टात गेलं म्हणून. ज्याच्यावर कधी केसच होत नाही त्याला आपला फोन ऐकला गेला हे आयुष्यभर कळत नाही, आपल्याकडे नंतरसुद्धा कळवायची पद्धत नाही. जर्मनीत काम संपल्यावर कळवायचा नियम आहे, अपवाद आहेत पण नियम तरी आहे.

रस्त्यात पोलिसांनी थांबवून "मोबाईल दाखव, चॅट उघड" म्हटलं तर नाही म्हणता येतं का? – डिलिव्हरीचं काम करणारा वाचक

दादा, ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादला हेच झालं होतं, पोलीस येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन घेऊन चॅटमध्ये "गांजा" शब्द शोधत होते, व्हिडिओ देशभर फिरला. नुसत्या संशयावर कोणाचेही चॅट वाचत बसायचा अधिकार कायद्यात मला तरी सापडत नाही. तपास चालू असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ९४ खाली फोन हजर करायची लेखी नोटीस येऊ शकते किंवा फोन जप्त होऊ शकतो, आणि जप्त केला तर पंचनामा झाला पाहिजे, झडतीचं व्हिडिओ शूटिंगही नव्या कायद्यात आहे. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का यावर कोर्टांची मतं एकसारखी नाहीत, संविधानाचं कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नका म्हणतं पण ते पिनला कितपत लागू ते अजून नीट ठरलेलं नाही.

आता व्यवहाराचं. रात्री अकरा वाजता नाक्यावर चार पोलिसांना कलम ऐकवणं सोपं नाही हे मलाही कळतं. हुज्जत घालू नका, फोन हिसकावून घेऊ नका, "साहेब कुठल्या केसमध्ये, नोटीस आहे का, पंचनाम्याची कॉपी द्या" एवढंच शांतपणे विचारा आणि नाव बॅज नंबर लक्षात ठेवा. फोन घेतलाच तर जवळच्या वकिलाला त्याच दिवशी सांगा.

व्हीपीएन वापरणं बेकायदेशीर आहे का?

नाही. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून लॉक करून नेणारी सोय. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत स्थानिक आदेशाने मधे मधे बंदी येते तेवढंच. पण सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव पत्ता आयपी पाच वर्षं ठेवायला सांगितलं आणि त्यावर एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटातलं व्हीपीएन मात्र टाकू नका, तुमचा सगळा ट्रॅफिक तुम्ही एका अनोळखी कंपनीच्या हातात देताय.

नवीन इन्कम टॅक्स कायद्यात म्हणे अधिकारी सगळ्यांचं इन्स्टाग्राम बघणार?

सगळ्यांचं नाही. २०२५ च्या कायद्याच्या कलम २४७ मध्ये धाड पडली तर अधिकाऱ्यांना ईमेल, सोशल मीडिया, क्लाउड हे सगळं उघडायचा अधिकार स्पष्ट शब्दात दिलाय, पासवर्ड बाजूला सारून सुद्धा. धाड नसेल तर तुमचे फिरायला गेल्याचे फोटो सुरक्षित, निदान या कलमापासून. अधिकार मोठा आहे आणि इथेही जज नाही, टीका त्यावर आहे आणि ती रास्त आहे.

मुलगा सारखं म्हणतो, आई आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, बघू दे की सरकारला. मला पटत नाही पण उत्तर पण देता येत नाही. – एक वाचक, वय ५४

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. त्याला सांगा, मेसेज वाचायचीही गरज नसते. एखाद्या बाईने सोमवारी पॅथॉलॉजी लॅबला फोन केला, मंगळवारी कॅन्सर हॉस्पिटलची वेबसाईट उघडली, रात्री बहिणीशी तासभर बोलली आणि बुधवारी विमा एजंटला फोन. एक अक्षर न ऐकता कळलं ना सगळं? हा झाला मेटाडेटा, कोण कोणाशी कधी किती वेळ, आणि डिसेंबर २०२१ पासून लायसन्सच्या अटीनुसार टेलिकॉम कंपन्यांना तो निदान दोन वर्षं जपून ठेवावा लागतो, फोनचा पण आणि इंटरनेटचा पण. इनकॉग्निटो उघडलं की वाचलो असं मुलांना वाटतं, त्याने फक्त तुमच्या फोनमधली हिस्ट्री राहत नाही, कुठल्या साईटवर गेलात ते इंटरनेट देणाऱ्याला बहुतेक वेळा दिसतंच.

दुसरं, आज लपवण्यासारखं नसलेलं उद्या कोणाला खुपेल सांगता येत नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती, त्यातली एक तर नुसतं लाईक करणारी. आयटी कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली असले गुन्हे दाखल होत ते सुप्रीम कोर्टाने २०१५ ला रद्द केलं आणि त्यानंतरही काही वर्षं पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात होते, २०२१ मध्ये हे पुढे आलं तेव्हा कोर्टालाच धक्का बसला.

बाकी मुलाला हेही सांगा की ओरडलं की कधी कधी ऐकलं जातं. २०२५ च्या नोव्हेंबरच्या शेवटी संचार साथी हे सरकारचं मोबाईल सुरक्षेचं अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्यायचा आदेश निघाला आणि एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच सक्ती मागे घ्यावी लागली.

डेटा प्रोटेक्शनचा कायदा आलाय ना, मग काळजी कसली? – आयटीतला वाचक

कंपन्यांपुरतं ठीक, २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात. पण २०२३ च्या त्या कायद्याचं कलम १७ वाचा, केंद्र सरकार एक अधिसूचना काढून आपल्या कुठल्याही संस्थेला त्यातून पूर्ण सूट देऊ शकतं. ज्याच्यापासून संरक्षण हवं त्याच्याच हातात किल्ली.

परवा व्हिडिओ कॉल आला, वर्दीतला माणूस, म्हणाला तुमचा नंबर सर्व्हेलन्सवर आहे, घराबाहेर पडू नका, कोणाला सांगू नका. मी तीन तास कॅमेऱ्यासमोर बसून होते. पैसे दिले नाहीत पण अजून हात कापतात. – एक शिक्षिका

बाई, आधी एक, तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही, भले भले डॉक्टर आणि निवृत्त अधिकारी यात अडकलेत. डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कुठल्याच कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. आणि खरी पाळत कशी असते ते वर आलंच आहे, ऑर्डर गुप्त, टेलिकॉम कंपनीलाही ती उघड करायला मनाई. ज्याच्यावर ती आहे त्यालाच फोन करून कोणी सांगत नाही.

पैसे गेले नसले तरी १९३० वर फोन करून किंवा सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, नंबर आणि स्क्रीनशॉट पुसू नका. कॉलवर त्यांनी स्क्रीन शेअर करायला किंवा एखादं अॅप टाकायला लावलं होतं का ते आठवा, लावलं असेल तर अॅप काढून दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला. आणि शाळेतल्या बाकीच्या बाईंना सांगा, कोणाला सांगू नका म्हणाला होता ना तो, म्हणूनच.