पावसाळ्यात नाशिकमध्ये पहिलीच मिनिएचर आर्मी तीन महिन्यांत रंगवून होईल का?

होईल, आणि चांगली होईल. तुम्ही लिहिलंय की जुलै ते सप्टेंबर असं हॉबी चॅलेंज घेतलंय, किंग्ज ऑफ वॉर या टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी अनडेड, म्हणजे मेल्यावर उठलेल्या सांगाड्यांचं सैन्य रेझिनमध्ये (यूव्ही उजेडाने कडक होणारं प्लास्टिक) थ्रीडी प्रिंट करून आणलंय, २० भालेवाले, २० तलवारवाले, १० धनुर्धारी, ५ घोडेस्वार आणि मेलेल्यांना उठवणारा एक जादूगार (नेक्रोमॅन्सर), म्हणजे एकूण ५६ आकृत्या, आणि याआधी मिनिएचरवर, म्हणजे असल्या छोट्या आकृत्यांवर, कधी ब्रश लावलेला नाही. त्यात नाशिकचा पाऊस. मी पंचवटीत राहतो, इथल्याच हवेत हे सगळं रंगवतो, त्यामुळे मला जे खरंच उपयोगी पडतं तेच सांगतो.

माझं सरळ मत असं आहे की सैन्य रंगवताना एकेका आकृतीवर जीव ओतायचा नाही. जीव ओतायचा तो सगळ्यांत मिळून दिसणाऱ्या तीन गोष्टींवर, हाडांचा रंग, कापडाचा एकच ठळक रंग, आणि बेस, म्हणजे आकृतीच्या पायाखालची बैठक. टेबलाशी उभं राहिल्यावर दोन-तीन फुटांवरून एवढंच दिसतं हो. सांगाड्याच्या कमरेच्या बकलला हायलाइट (उजळ कड) दिलाय का नाही हे कुणाला कळत नाही, पण वीस ढाली एकाच गडद लाल रंगाच्या आणि सगळ्या बेसवर एकच माती असेल तर माणूस लांबून चालत बघायला येतो.

याचा सगळ्यात चांगला धडा आपल्या इथल्या गणपतीच्या कारखान्यात मिळतो. आत्ता दिवसही तेच आहेत, ओळख असेल तर एक दुपार जाऊन बघत बसा. तिथे कोणी एक मूर्ती हातात घेऊन पूर्ण करत नाही. सगळ्या मूर्तींचं अंग एकदम, मग सगळ्यांचे पितांबर, मग शेले, मग दागिन्यांचा सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे रेखणं. तुम्हीही तसंच करायचं, दहा-दहाचा घाणा, एका बैठकीत एकच रंग. फरक फक्त आखणीत. मूर्तीत डोळे म्हणजे सगळं काही, आणि आपल्या २८ मिलिमीटरच्या आकृतीत डोळा अर्धा मिलिमीटर पण नसतो, त्यात सांगाड्याला तर नुसती खोबण, तिथे गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) उतरला की काम झालं. तुम्ही पहिल्या सैन्यासाठी सांगाडे घेतलेत हे फार बरं केलंत, यांच्यापेक्षा नवशिक्याला सोपं काही नाही.

आता रेझिनचं. प्रिंट करून देणाऱ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवून, यूव्हीखाली पक्कं करून दिलंय ना ते आधी बघा. हाताला चिकट लागत असेल तर ते कच्चं आहे, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरणार नाही, आणि कच्चं रेझिन उघड्या हाताने हाताळायचं पण नाही, नायट्रिल ग्लोव्ह्ज घाला. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवून काम भागतं पण जुलैत ऊन मिळेल याची खात्री कोण देणार, त्यामुळे नेल पार्लरमधे असतो तसला छोटा यूव्ही लॅम्प घेऊन ठेवा, लहान आकृत्यांना पुरतो. मग सपोर्टचे (प्रिंट करताना आकृतीला दिलेल्या टेकूंचे) टवके कटरने काढा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर ओला करूनच घासायचा, रेझिनची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

ढाली आत्ताच चिकटवू नका. एका पट्टीवर डबल टेप लावून सगळ्या ढाली ओळीने बसवा आणि वेगळ्या रंगवा, नाहीतर छातीच्या फासळ्यांपर्यंत ब्रश पोचत नाही. आकृत्या धरायला आइस्क्रीमच्या काड्या, एका काडीवर पाच, म्हणजे बोटांचं तेल पण लागत नाही.

प्रायमर हा तुमच्या चॅलेंजमधला खरा पावसाळी प्रश्न. हवेत ओल असताना स्प्रे कॅन मारला की पृष्ठभाग कधी खरखरीत येतो, कधी पांढुरका पडतो, आणि गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही राहा, संततधार लागली की घराच्या आत सुद्धा हवा ओलीच असते. माझं म्हणणं, जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेचा नादच सोडा. वालेहो कंपनीचा ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, काळा, दोन पातळ हात, मधे रात्रभर वाळवण. वेळ जास्त जातो हे खरं, पण निकाल हवामानावर अवलंबून राहत नाही. स्प्रेच मारायचा असेल तर उघडीप मिळालेली दुपार धरा, कॅन दोन मिनिटं चांगला हलवा, २० ते ३० सेंटिमीटरवरून छोटे छोटे फटके मारा आणि हार्डवेअरच्या दुकानातला मॅट ब्लॅक असेल तर आधी सपोर्टच्या तुकड्यावर मारून बघा. उलट टोकाला मे महिन्यात इथे रंग हवेतच सुकून आकृतीवर वाळू मारल्यासारखा बसतो, तेव्हा सकाळी लवकर मारावं लागतं. हे पुढच्या सैन्यासाठी लक्षात ठेवा.

काळ्या प्रायमरवर राखाडी रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासायचा, मग फक्त वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश. ब्रश महाग नको, मेकअपचा गोल मऊ ब्रश सगळ्यात मस्त चालतो. टिश्यूवर पुसून पुसून ब्रश जवळजवळ कोरडा झाला पाहिजे, अंगठ्याच्या नखावर फिरवल्यावर नुसती धूळ उमटली पाहिजे, तेवढाच. आता सावली आणि उजेड तयार झाला, यावर पारदर्शक रंग टाकला की तो खोबणीत गडद आणि उंचवट्यावर फिका आपोआप दिसतो. सिटाडेल या मिनिएचर रंगांच्या ब्रँडने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले ते याच कामाचे, नंतर आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट आले. स्पीडपेंट घेताना दुसरी आवृत्ती बघून घ्या, पहिल्या आवृत्तीचा रंग वाळल्यावरही ओला ब्रश लागला की परत विरघळायचा आणि वरच्या हातात मिसळायचा.

पण सगळी रेंज विकत घेऊ नका, प्लीज. हाडांचा एक, चामड्याचा तपकिरी एक आणि तुमचा तो ठळक रंग एक, अशा तीन बाटल्या भारीतल्या. बाकी काळा, पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना हे कॅमलचे आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक एमजी रोडला कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतात आणि चांगले असतात. फॅब्रिकचे रंग मात्र टाळा, ते जाड आणि रबरासारखे बसतात, बारीक कोरीव काम बुजतं. चंदेरी मात्र मिनिएचरसाठीचाच घ्या, साध्या चंदेरीत चकाकीचे कण मोठे असतात आणि तलवार चमकी लावल्यासारखी दिसते. आणि तलवारी नव्या कोऱ्या कशाला ठेवायच्या, थडग्यातून उठलेलं सैन्य आहे, बर्न्ट सिएना पाण्यात पातळ करून स्पंजच्या तुकड्याने ठिपके द्या, गंज तयार.

हाडांसाठी क्रम सांगतो. पारदर्शक हाडाचा रंग सगळ्यांना, ब्रश भरपूर भरून पण एका जागी तळं साचू न देता, साचलं तर कोरड्या ब्रशने उचलून घ्यायचं. पावसाळ्यात हा थर वाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतो, त्यामुळे रात्री हाडं रंगवून झोपा, दुसऱ्या दिवशीच पुढचा रंग. मग कवटी, गुडघे, खांदे एवढ्यांवरच पांढऱ्यात चिमूटभर ऑकर घालून ड्रायब्रश. हे झालं की कापड, मग चामडं, मग धातू. साधे रंग लावताना पाणी घालून एवढे पातळ करा की पहिल्या हातात खालचा रंग थोडा दिसेल, दुसऱ्या हातात तो झाकला जाईल. जाड एक हात कधीच नाही.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओलसर ठेवणारी पाटी, घरी करा. झाकणाचा चपटा डबा, तळाला ओला टिश्यू किंवा पातळ स्पंज, वर बेकिंग पेपर. पावसात रंग तसाही लवकर सुकत नाही पण पातळपणा सारखा राहतो, नवीन हाताला तेच हवं असतं. दर आठवड्याला टिश्यू बदला, या हवेत बुरशी फार लवकर धरते.

पहिला आठवडा मात्र फक्त एक सांगाडा. पूर्ण, बेससकट. तो टेबलवर ठेवा, ट्यूबखाली बघा, दिवसाच्या उजेडात बघा, रंग आवडला तरच पुढे जा आणि कुठला रंग कशावर लावला ते वहीत लिहून ठेवा, सप्टेंबरमध्ये शेवटचे धनुर्धारी रंगवताना तीच वही लागते. त्यानंतर भालेवाले, मग लगेच नेक्रोमॅन्सर. लोक हिरो शेवटी ठेवतात, मला ते पटत नाही, वीस सांगाड्यांनी हात बसलेला असतो आणि मन कंटाळलेलं असतं, तेव्हाच चेहरा, झगा, हातातली काठी असं काही वेगळं समोर आलं की पुढच्या वीस तलवारवाल्यांना हुरूप येतो. घोडेस्वार ऑगस्टअखेर. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी काही होणार नाही हे आधीच धरून चाला, आरती, पाहुणे, देखावे, आणि ते सोडून रंगवत बसू पण नये.

आणि एक गोष्ट जी नियमांमुळे तुमच्या फायद्याची आहे. किंग्ज ऑफ वॉरमध्ये मेलेले शिपाई एकेक करून उचलत नाहीत, युनिट हा एकच ठोकळा असतो, २० पायदळाच्या रेजिमेंटचा आकार २० मिलिमीटर बेसने १०० बाय ८० मिलिमीटर. म्हणजे पूर्ण रेजिमेंट एकाच पाटावर बसवता येते, आणि वीसच्या वीस आकृत्या लागतातच असंही नाही. तलवारवाल्यांचे तीन-चार कमी करा आणि त्या जागी फुटलेलं थडगं, पडका खांब, जमिनीतून नुसता बाहेर आलेला हात बसवा, काम कमी होतं आणि दिसतं पण कितीतरी जिवंत. चॅलेंजच्या नियमात आकृत्या मोजतात की युनिट मोजतात तेवढं आधी विचारून घ्या. पाट ३ मिलिमीटर एमडीएफचे, अक्षरं कापणाऱ्या साइनबोर्डवाल्याकडे लेझर असतो, तो मापात कापून देतो.

बेसवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. परदेशी चित्रांतली हिरवीगार गवताची बेस करू नका, आपल्याकडे याहून भारी नमुना आहे. जानेवारीतला अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी आठवा, काळा बेसाल्ट, तांबूस माती, आणि वाळून पिवळं पडलेलं गवत. पांढऱ्या हाडांखाली ते इतकं उठून दिसतं! रेती चाळून, धुवून, तव्यावर कोरडी भाजून घ्या, फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून पसरा आणि रेती दाबा. वाळली की वरून परत पातळ फेव्हिकॉल, म्हणजे गळत नाही. दगडांसाठी फोमचे तुकडे तोडून, कापून नाही, तोडलेली कड खडकासारखी दिसते, फक्त त्याला फेव्हिक्विक लावू नका, फोम विरघळतो, फेव्हिकॉलच. खडकाला आधी काळा, मग गडद राखाडी ड्रायब्रश, मातीला बर्न्ट सिएना आणि अंबर मिसळून. गवतासाठी नारळाची शेंडी, चिमटीत धरून बुडाशी गोंद, उभी करायची, वाळली की कात्रीने वरून वेडीवाकडी कापायची. शेंडीचा मूळ रंगच वाळल्या गवताचा आहे, वर नुसता ऑकरचा ड्रायब्रश. बेसची कड सगळ्यांची एकसारखी काळी.

वार्निश स्प्रेने मारू नका. ओल्या हवेत मॅट वार्निशवर पांढरट धुकं येतं आणि तीन महिन्यांचं काम झाकलं जातं. ब्रशने लावायचं मॅट वार्निश, पातळ एक हात, हाडांवर आणि कापडावर, तलवारींना लावलं नाही तरी चालेल, लोखंड जरा चमकलेलं बरं दिसतं.

शेवटचा फोटो खिडकीशी, ढगाळ दिवशी, मागे राखाडी कार्डशीट. ढगातून येणारा उजेड सगळीकडे सारखा पडतो, फ्लॅशची गरजच नाही. आणि खेळायला कुठे न्यायचं असेल तर पाटांच्या खालून छोटे मॅग्नेट चिकटवा आणि पत्र्याच्या चपट्या डब्यात ठेवा, भाले डब्याच्या झाकणाला लागत नाहीत ना ते मोजूनच डबा घ्या.