मोठ्या संख्येवर थेट भागाकार करू नकोस

अरे, २^६७ − १ चे अवयव शोधायला तू २, ३, ५, ७ अशी सुरुवात केलीस, ती आधी थांबव. संख्या २१ अंकी आहे: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. अशा संख्येला हात घालण्याआधी तिचा घाट बघायचा.

घातांक ६७ मूळ आहे. त्यामुळे २^६७ − १ चा प्रत्येक मूळ अवयव १३४क + १ याच रूपात असतो (१३४ म्हणजे ६७ ची दुप्पट, क ही कोणतीही पूर्ण संख्या), शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. म्हणजे बहुतेक उमेदवार भागाकार न करताच बाद! हे पटायला २^११ − १ म्हणजे २०४७ कागदावर घे. अवयव २३ आणि ८९. दोघांतून १ वजा कर, २२ ने, म्हणजे ११ च्या दुपटीने, नि:शेष भाग जातो. हे स्वतः करून बघच, नुसतं वाचून मुरत नाही.

गणिती मर्सेनने १६४४ मध्ये २^६७ − १ ही मूळ संख्या आहे असं धरून ६७ हा घातांक आपल्या यादीत घातला होता. १८७६ मध्ये गणिती लुकासने ही संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं, तेही एकही अवयव हाती नसताना! संयुक्त आहे हे कळणं आणि अवयव सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला फार उशिरा उमगलं. अवयव १९०३ मध्ये गणिती कोलने दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

गुणाकार ताडायचा तर आधी शेवटचे तीन अंक बघ. ७२१ × २८७ = २०६९२७, शेवटी ९२७. जुळलं. मग नऊने भागल्यावरची बाकी: दोन्ही अवयव आणि मूळची २१ अंकी संख्या, तिन्हींची १ येते. एवढं झालं की पूर्ण गुणाकार हाताने एकदा मांड.