ट्रेकला लीडर व्हावं की मागून चालावं?

'लीडर होणं चांगलं की फॉलोअर?' असं तुम्ही सरसकट विचारलंय. ऑफिसातलं गणित वेगळं असेल. मी सह्याद्रीतल्या ट्रेकपुरतं सांगतो. आधी नीट मागून चालायला शिका. पुढारपणाची हौस असेलच, तर सुरुवात रांगेच्या शेवटापासून करा.

वीस जणांच्या ग्रुपला पुढे लीड आणि सगळ्यात मागे टेल, अशी दोन जबाबदार माणसं लागतातच. बहुतेक ग्रुप जाणत्याला पुढे घालतात आणि जो उरेल त्याला मागे. माझ्या मते हे उलटं हवं. लीडला वाट माहीत असली आणि स्वतःचा वेग आवरता आला की भागतं. पण दमलेला, पाय मुरगळलेला, पाणी संपलेला माणूस मागे पडत पडत टेलपाशीच येतो. म्हणून प्रथमोपचाराची पिशवी, जास्तीचं लिटरभर पाणी आणि एक टॉर्च टेलच्या सॅकमध्ये. ती पिशवी लीडकडे असली, तर लागेल तेव्हा ती नेमकी पुढच्या टेकाडापलीकडे असते.

लीडच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे रॉकपॅच (हात लावून चढायचा कातळाचा टप्पा) पार झाला की तो चालू लागतो. माणशी अर्धं मिनिट धरलं, तरी विसावा माणूस वर येईपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात. मग मागचे अंतर भरून काढायला पळतात आणि पाय मुरगळतो तो अवघड टप्प्यावर नाही, त्यानंतरच्या सोप्या वाटेवर. तेव्हा टप्पा संपला की जरा पुढे, वरून दगड येणार नाही अशा मोकळ्या जागी थांबायचं आणि टेल दिसल्यावरच हलायचं. विश्रांतीचंही तेच. शेवटचा पोचल्यावर 'चला' म्हटलं तर पुढच्यांची दोनदा विश्रांती होते आणि ज्याला गरज त्याची एकदाही नाही. पाच मिनिटं मोजायची ती शेवटचा टेकल्यापासून.

आता मागून चालणाऱ्यांचं. मान खाली घालून पुढच्याच्या टाचा बघत जाणं म्हणजे फॉलो करणं नव्हे. आपल्याकडे ढोरवाटा जागोजागी फुटतात. फाट्यावर प्रत्येकाने थांबून मागच्याला वाट दाखवायची, तो दिसेपर्यंत हलायचं नाही. नळीत (डोंगराच्या अरुंद, उभ्या घळीत) किंवा घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या उतारावर) दगड निसटला तर लगेच 'दगड!' म्हणून ओरडायचं, सॉरी नंतर. टाच गरम लागायला लागली की तेव्हाच बोलायचं, कारण तेव्हा चिकटपट्टीवर काम होतं. फोड फुटल्यावर सांगणारा अख्ख्या ग्रुपचा वेग अर्ध्यावर आणतो. (ग्रुपला त्रास नको म्हणून गप्प बसणारे भले लोक सगळ्यात जास्त त्रास देतात.)

लीडर चुकतोय असं वाटलं तर? मागच्या मागे कुजबुजू नका. परत फिरायची वेळ पायथ्यालाच सगळ्यांसमोर ठरवून घ्या, समजा दुपारी एक. मग 'एक वाजला' एवढंच म्हणावं लागतं, वाद होत नाही. गावातला वाटाड्या सोबत असेल तर लीडरनेही त्याच्या मागेच चालायचं. घाईने त्याला ओलांडणारे लीडर कमी नाहीत.

उतरताना तर क्रमही बदलतो. नाशिककडच्या हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या तोंड कातळाकडे करून, खोबणीत बोटं रोवून उतराव्या लागतात. खालची पायरी दिसत नाही. तिथे एक जाणता आधी उतरतो आणि किंचित बाजूला राहून 'डावा पाय अजून खाली' असं सांगत राहतो. दुसरा वर थांबून एकेकालाच सोडतो.

पैसे भरून एखाद्या ग्रुपबरोबर जाणार असाल, तर लीडर कोण हे विचारूच नका. 'टेलला कोण आहे आणि त्याने ही वाट आधी केलीय का?' हे विचारा. उत्तर द्यायला आयोजक अडखळला, तर दुसरा ग्रुप बघा.